वंगण तेलात नॅनोकण : पूड निवडण्यापासून चाचणीपर्यंत, नवख्यांसाठी मार्गदर्शन

तेलात अतिसूक्ष्म घन कण मिसळून घर्षण आणि झीज कमी करण्याची कल्पना आता अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रकल्पांत, संशोधन प्रयोगशाळांत आणि बाजारातल्या आकर्षक बाटल्यांवरही दिसते. घन वंगण ही स्वतः काही नवी गोष्ट नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेले काळे मॉली ग्रीज कारखान्यांत कित्येक दशके वापरात आहे. १९९७ मध्ये इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या रेशेफ टेन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टंगस्टन डायसल्फाइडचे पोकळ, थरावर थर असलेले नॅनोकण वंगण म्हणून उपयोगी पडू शकतात असे दाखवले आणि या विषयाला नवा वेग आला. त्यानंतर तांब्याच्या ऑक्साइडपासून ग्राफीनपर्यंत हाताला लागेल ती पूड तेलात मिसळून पाहण्यात आली आहे.

हा लेख पहिल्यांदाच असे मिश्रण करून तपासू पाहणाऱ्यांसाठी आहे. सर्व सामग्रींची यादी देण्यापेक्षा एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलेले बरे, म्हणून येथे साध्या खनिज बेस ऑइलमध्ये, म्हणजे काहीही न मिसळलेल्या मूळ तेलात, मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे नॅनोकण मिसळणे आणि ते फोर-बॉल टेस्टरवर, म्हणजे चार पोलादी गोळ्या एकमेकींवर घासून झीज मोजणाऱ्या यंत्रावर, तपासणे हे काम घेतले आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. पूड विकत घेणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. कण तेलात तरंगत ठेवणे आणि जो फरक दिसला तो कणांमुळेच पडला हे दाखवणे, हे दोन खरे अवघड भाग आहेत, आणि बहुतेक प्रकल्प नेमके याच दोन ठिकाणी कच्चे राहतात.

पहिली पायरी : तेलाचा थर कुठे अपुरा पडतो ते ओळखा

दोन धातूंच्या पृष्ठभागांमधील तेलाच्या थराची जाडी त्या पृष्ठभागांच्या एकत्रित खडबडीतपणाच्या तिपटीहून जास्त असेल, तर धातूला धातू लागतच नाही. तेथील घर्षण तेलाच्या व्हिस्कॉसिटीवर, म्हणजे त्याच्या दाटपणावर, ठरते आणि अशा जागी नॅनोकणांना करण्यासारखे फारसे काही उरत नाही. वेग मंदावला, भार वाढला किंवा तेल तापून पातळ झाले की हे गुणोत्तर खाली येते. ते १ ते ३ च्या दरम्यान असताना भार काही तेलावर आणि काही धातूच्या उंचवट्यांवर असतो, आणि १ च्याही खाली गेले की उंचवटे थेट एकमेकांवर घासू लागतात. जर्मन अभियंता रिचर्ड स्ट्रिबेक यांनी १९०२ च्या सुमारास बेअरिंगांवर मोजमापे करून घर्षणाचा हा बदल वक्राच्या रूपात मांडला, म्हणून त्याला स्ट्रिबेक वक्र म्हणतात.

म्हणून आपले यंत्र किंवा आपली चाचणी या वक्राच्या कोणत्या भागात बसते, हे आधी ठरवावे. पिस्टन रिंग सिलिंडरच्या वरच्या टोकाला क्षणभर थांबते ती जागा, वर्म गिअरचे दात, लेथचे स्लाइडवे आणि कोणतेही यंत्र सुरू किंवा बंद होण्याचे क्षण, येथे तेलाचा थर अपुरा असतो आणि कणांना वाव असतो. स्थिर वेगाने फिरणाऱ्या, भरपूर तेल मिळणाऱ्या जर्नल बेअरिंगमध्ये तसा वाव नसतो. तेथे नॅनोकणांमुळे घर्षण घटल्याचा दावा कोणी केला, तर आधी तेलाची व्हिस्कॉसिटी बदलली का, हे विचारावे.

कण नेमके काय करतात, याची चार स्पष्टीकरणे वाचायला मिळतात : गोल कण रोलरसारखे फिरतात, खोलगट जागा भरून काढतात, उंचवटे घासून गुळगुळीत करतात किंवा धातूवर बसून संरक्षक थर तयार करतात. यांतले पहिले चित्र प्रत्येक अहवालात असते, कारण ते काढायला सोपे आणि पटायला त्याहून सोपे आहे. पण प्रचंड दाबाखाली कण न चिरडता फिरत राहतो, याचा थेट पुरावा क्वचितच दिलेला असतो. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या बाबतीत चौथे स्पष्टीकरण सर्वांत भक्कम आहे. त्याच्या रचनेत मॉलिब्डेनमचा एक थर गंधकाच्या दोन थरांमध्ये बसलेला असतो आणि अशा दोन शेजारच्या चळतींमधील बंध दुबळे असतात. भाराखाली कण उलगडतो, त्याचे पापुद्रे धातूवर चिकटतात आणि मग घसरण धातू-धातूत न होता त्या पापुद्र्यांमध्ये होते.

दुसरी पायरी : पूड निवडणे

निवडताना पहिला निकष काठिण्याचा ठेवावा. मोह्स मापावर मॉलिब्डेनम डायसल्फाइड, ग्राफाइट आणि षट्कोनी बोरॉन नायट्राइड १ ते २ च्या आसपास येतात, कॉपर ऑक्साइड सुमारे ३.५, टायटॅनियम डायऑक्साइड ५.५ ते ६.५, सिलिका ७ आणि ॲल्युमिना ९. ॲल्युमिना आणि हिरा हे मुळात घासण्याचे, पॉलिश करण्याचे पदार्थ आहेत. त्यांचे कण अगदी बारीक आणि सुटे राहिले तर पृष्ठभाग गुळगुळीत होऊन फायदाही दिसू शकतो, पण त्यांच्या गुठळ्या झाल्या तर तेच तेल झीज वाढवते. नवख्याने कठीण ऑक्साइडांपासून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे.

दुसरा निकष परिस्थितीचा. मॉलिब्डेनम डायसल्फाइड कोरड्या हवेत आणि निर्वातातही उत्तम काम करते, म्हणूनच अवकाशयानांच्या यंत्रणांत त्याचे लेप वापरतात. दमट हवेत मात्र त्याचे गुण उतरतात. ग्राफाइटचे उलटे आहे, त्याला थोडी आर्द्रता लागते. हवेत सुमारे ३५० ते ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे ऑक्सिडीकरण वेगाने होते. बोरॉन नायट्राइड त्याहून कितीतरी जास्त तापमान सोसते आणि पांढरे असते, त्यामुळे काळे डाग चालत नाहीत अशा यंत्रांसाठी त्याचा विचार करतात. तांबे आणि त्याची संयुगे तेलाच्या ऑक्सिडीकरणाला चालना देतात, हे वंगण क्षेत्रात जुने ज्ञान आहे, तरीही कॉपर ऑक्साइडवरच्या बहुतेक प्रकल्प-अहवालांत तेलाच्या आयुष्याचा उल्लेखही नसतो.

तिसरी गोष्ट लेबलाची. पाकिटावर ‘५० नॅनोमीटर’ लिहिलेले असते ते एकेका प्राथमिक कणाचे माप असते. पाकिटातली पूड मात्र कित्येक मायक्रॉनच्या गुठळ्यांच्या रूपात असते. एक्स-रे विवर्तनावरून काढलेला आकार स्फटिकाचा असतो, कणाचा नव्हे. पुरवठादाराकडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे चित्र, शुद्धता आणि कणांच्या पृष्ठभागावर कोणते आवरण दिले आहे का, एवढी माहिती मागून घ्यावी आणि शक्य असल्यास थोडी पूड स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. आपल्या कामासाठी १०० नॅनोमीटरच्या आसपासचे कण पुरेसे आहेत.

तिसरी पायरी : तेल आणि डिस्पर्संट

पहिल्या प्रयोगासाठी बाजारातले तयार इंजिन ऑइल घेऊ नये. त्यात डिटर्जंट, डिस्पर्संट (कण सुटे आणि तरंगते ठेवणारे द्रव्य), अँटिऑक्सिडंट आणि बहुधा झिंक डायथायोफॉस्फेट हे १९४० च्या दशकापासून वापरात असलेले झीजरोधक द्रव्य आधीच असते. हे द्रव्य लोखंडावर फॉस्फेटचा काचेसारखा थर स्वतःच तयार करते. त्यात आपले कण मिसळले की कोणाचा परिणाम कोणता, हे सुटे करता येत नाही. त्याऐवजी ॲडिटिव्ह नसलेले खनिज बेस ऑइल घ्यावे, ४० अंश सेल्सिअसला सुमारे ४६ सेंटिस्टोक्स व्हिस्कॉसिटीचे. एकाच डब्यातले, एकाच बॅचचे तेल सर्व नमुन्यांना पुरेल एवढे आधीच बाजूला काढून ठेवावे.

डिस्पर्संट कणाच्या स्वभावाप्रमाणे निवडावा लागतो. ओलिक ॲसिड हे स्निग्धाम्ल सर्वत्र सुचवले जाते, कारण त्याचे आम्लाचे टोक धातूंच्या ऑक्साइडांना घट्ट धरते. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या पापुद्र्यांचा सपाट पृष्ठभाग मात्र रासायनिक दृष्ट्या निष्क्रिय असतो, धरायला जागा फक्त कडांवर मिळते, त्यामुळे तेथे ओलिक ॲसिडचा प्रभाव तोकडा पडतो. पॉलिआयसोब्युटिलीन सक्सिनिमाइड प्रकारचा डिस्पर्संट, जो इंजिन ऑइलमध्ये काजळी तरंगत ठेवण्यासाठी वापरतात, तो अधिक चांगला. तो मिळाला नाही तर प्रयोगशाळेच्या रसायनविक्रेत्यांकडे सहज मिळणारे सॉर्बिटन मोनोओलिएट घ्यावे. प्रमाण कणांच्या वजनाइतकेच ठेवून सुरुवात करावी. जास्त डिस्पर्संट म्हणजे जास्त चांगले असे नसते : कणांवर त्याचे जाड आवरण बसले आणि धातूच्या पृष्ठभागावरही त्याने जागा अडवली, तर कण तेलात सुंदर तरंगतात पण धातूवर बसत नाहीत, आणि थर तयार होण्याचे मूळ काम अडते. काचनळीत सर्वांत देखणे दिसणारे मिश्रण टेस्टरवर मागे पडले, तर याचा विचार करावा.

चौथी पायरी : मिसळणे

कोरडी नॅनोपूड उघड्या टेबलावर, पंख्याखाली तोलू नये. ती हवेत उडते, दिसत नाही आणि श्वासावाटे खोल फुफ्फुसात जाते. धूर खेचणाऱ्या कपाटात, एन-९५ मास्क आणि नायट्राइल हातमोजे घालूनच डबा उघडावा आणि तोललेली पूड लगेच थोड्या तेलाने ओली करावी. ओली झाली की उडण्याचा धोका जवळजवळ संपतो. ही काळजी काही औपचारिकता नाही. टायटॅनियम डायऑक्साइडची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोगास कारण ठरू शकणाऱ्या पदार्थांच्या २बी गटात ठेवली आहे.

०.०५, ०.१, ०.२ आणि ०.५ टक्के अशी चार वजनी प्रमाणे तपासायची आहेत असे समजू. प्रत्येक नमुन्यासाठी वेगळी पूड तोलली तर ०.०५ ग्रॅमसारखी वजने तोलताना होणारी चूकच मोठी ठरते. त्याऐवजी एकच संहत मिश्रण करावे : १ ग्रॅम कण, १ ग्रॅम डिस्पर्संट आणि ९८ ग्रॅम तेल, म्हणजे १ टक्क्याचे १०० ग्रॅम मिश्रण. त्यातले ५, १०, २० आणि ५० ग्रॅम घेऊन प्रत्येकी १०० ग्रॅम होईपर्यंत तेल घातले की चारही नमुने तयार होतात आणि १५ ग्रॅम राखून ठेवायला उरते.

त्याच वेळी दुसरे मिश्रण करावे, ज्यात १ ग्रॅम डिस्पर्संट आणि ९९ ग्रॅम तेल असेल, कण नसतील. त्यापासूनही त्याच प्रमाणात चार नमुने करावेत. हे नमुने का लागतात ते चाचणीच्या वेळी कळेल; येथे एवढेच लक्षात ठेवावे की त्यांनाही कणांच्या मिश्रणाइतकीच ढवळणी, तितकेच तापमान आणि तितकाच अल्ट्रासाउंड मिळाला पाहिजे.

मिसळण्याचा क्रम असा. पूड ११० अंशांना दोन तास, शक्यतो निर्वात ओव्हनमध्ये, वाळवावी, कारण ओलाव्याने कण एकमेकांना चिकटतात. डिस्पर्संट तेलात आधी विरघळवून घ्यावा. पिठल्यात बेसन एकदम टाकले की गुठळ्या होतात तसेच येथेही होते, म्हणून पूड थोड्याशा तेलात खलून तिची लापशी करावी आणि मगच ती उरलेल्या तेलात ढवळत घालावी. चुंबकीय ढवळणीवर अर्धा तास ठेवल्यावर मिश्रण एकसारखे काळे दिसते आणि नवखा माणूस येथेच थांबतो. प्रत्यक्षात त्या काळेपणात मायक्रॉनभर मोठ्या गुठळ्या शाबूत असतात.

त्या फोडण्यासाठी प्रोब प्रकारचा, २० किलोहर्ट्झचा अल्ट्रासॉनिकेटर लागतो. भांडी धुण्याच्या अल्ट्रासॉनिक टाकीची ताकद एवढ्या कामाला सहसा पुरत नाही. भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून पाच सेकंद चालू, पाच सेकंद बंद अशा लयीत एकूण अर्धा तास प्रत्यक्ष अल्ट्रासाउंड द्यावा आणि तेल ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. प्रोबचे टोक तळापासून आणि पृष्ठभागापासून पुरेसे आत असावे. ते वर आले की तेल फेसाळते आणि आवाज कर्कश होतो. तासन्‌तास चालवण्यात लाभ नाही, कारण एका मर्यादेनंतर गुठळ्या आणखी फुटत नाहीत, आणि प्रोबचे टायटॅनियमचे टोक झिजून त्याचे कण आपल्याच तेलात पडतात.

पाचवी पायरी : मिश्रण टिकते का

द्रवात कण किती वेगाने खाली बसतो हे कणाच्या त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असते. मॉलिब्डेनम डायसल्फाइडची घनता सुमारे ५.०६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आणि तेलाची ०.८७ धरली, तर ३० अंश तापमानाला आपल्या तेलात १०० नॅनोमीटरचा सुटा कण दिवसाला साधारण ३० मायक्रॉन, म्हणजे महिन्याला एक मिलिमीटरही खाली जात नाही. तोच कण इतरांना चिकटून १ मायक्रॉनची घट्ट गुठळी झाली, तर तिचा वेग शंभरपट, म्हणजे दिवसाला ३ मिलिमीटर होतो आणि महिनाभरात ती नळीच्या तळाशी पोचते. प्रत्यक्षातली गुठळी पोकळ असल्याने थोडी हळू बसते, पण अंदाज तोच राहतो. आठवड्याभरात गाळ दिसला तर कण जड असल्याचे कारण देऊ नये. ते फुटलेले नाहीत किंवा पुन्हा चिकटले आहेत, असे समजावे.

यासाठी प्रत्येक नमुन्याच्या दोन काचनळ्या भराव्यात, तारीख लिहून न हलवता ठेवाव्यात आणि ठरावीक दिवशी, त्याच प्रकाशात, त्याच पार्श्वभूमीवर छायाचित्र घ्यावे. ०.५ टक्क्याचे मिश्रण इतके गडद असते की नुसत्या डोळ्यांनी काहीच कळत नाही. अशा वेळी नळीच्या वरच्या भागातला थेंब त्याच तेलाने पातळ करून यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटरवर त्याचे शोषण दर आठवड्याला मोजावे. शोषण जितके घटले तितके कण वरून खाली गेले.

झीटा विभव, म्हणजे कणांभोवतीच्या विद्युत प्रभाराचे माप, ३० मिलिव्होल्टपेक्षा जास्त असल्यामुळे मिश्रण स्थिर आहे, असे वाक्य तेलाच्या संदर्भात लिहिण्याचे टाळावे. तो नियम पाण्यासारख्या द्रवांसाठी आहे, जेथे कणांवरचे विद्युत प्रभार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात. खनिज तेलाचा पारवैद्युत स्थिरांक सुमारे २.२ असतो, पाण्याचा ८० च्या आसपास. तेलात प्रभार टिकत नाहीत. तेथे कणांवर उभ्या राहिलेल्या लांब रेणूंच्या आवरणामुळेच कण एकमेकांपासून दूर राहतात. हा आकडा इतक्या अहवालांत डोळे मिटून उतरवलेला दिसतो की परीक्षकांनाही त्याची सवय झाली असावी.

ज्या नमुन्यात चाचणीपूर्वीच गाळ बसला आहे तो हलवून टेस्टरवर नेऊ नये. त्याची चाचणी होईल, आकडेही मिळतील, पण ते कोणत्या प्रमाणाचे आहेत हे सांगता येणार नाही. चाचणीला जाण्यापूर्वी सर्व नमुन्यांची व्हिस्कॉसिटी ४० आणि १०० अंशांना मोजून ठेवावी. ०.५ टक्क्यापर्यंत ती फारशी बदलू नये. बदलली असेल तर घर्षणातला फरक दाटपणामुळेही असू शकतो.

सहावी पायरी : फोर-बॉल चाचणी

या यंत्रात १२.७ मिलिमीटर व्यासाच्या तीन पोलादी गोळ्या वाटीत घट्ट आवळलेल्या असतात आणि चौथी गोळी वरून त्यांच्या खळगीत दाबून फिरवतात. वाटीत सुमारे १० मिलिलिटर तेल लागते. भारतात अनेक महाविद्यालयांत हे यंत्र असते. बंगळुरूची ड्यूकॉम कंपनी ते बनवते. झीज मोजण्यासाठी एएसटीएम या मानक संस्थेची डी ४१७२ ही पद्धत वापरावी : तापमान ७५ अंश सेल्सिअस, वेग मिनिटाला १२०० फेरे, वेळ ६० मिनिटे आणि भार १४७ किंवा ३९२ न्यूटन. शेवटी खालच्या तिन्ही गोळ्यांवर पडलेले गोल व्रण सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येकी दोन दिशांनी मोजून सहा मापांची सरासरी काढतात. जास्तीत जास्त भार किती पेलतो हे पाहण्याची डी २७८३ ही वेगळी चाचणी आहे. तिच्यात वेग १७६० फेरे असतो आणि दर १० सेकंदांच्या फेरीत भार वाढवत गोळ्या वितळून चिकटेपर्यंत नेतात. झिजेच्या आणि अतिभाराच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांत मिसळू नयेत. एकीत सरस ठरलेले तेल दुसरीत सरस ठरेलच असे नाही.

प्रत्येक फेरीला चार नव्या गोळ्या घ्याव्यात, त्या आणि वाटी हेप्टेनने आणि मग ॲसिटोनने धुऊन पूर्ण वाळवाव्यात. कणांचे तेल वापरल्यानंतर वाटीच्या कोपऱ्यांत काळा लेप राहतो, तो पुसून काढल्याशिवाय पुढचे शुद्ध तेल भरू नये. याच कारणाने चाचण्यांचा क्रम शुद्ध तेलापासून ०.५ टक्क्यापर्यंत असा चढता ठेवण्याचा मोह होतो. तसे केले तर यंत्रात हळूहळू होणारा कोणताही बदल प्रमाणाचा परिणाम म्हणून दिसतो. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि दोन चाचण्यांमधली सफाई कडक ठेवावी.

आता डिस्पर्संटच्या त्या कणविरहित नमुन्यांकडे येऊ. ओलिक ॲसिड, सॉर्बिटन मोनोओलिएट यांसारखे रेणू स्वतःच धातूवर चिकटून घर्षण कमी करतात. स्निग्धाम्ले तर सीमावर्ती वंगणात, म्हणजे तेलाचा थर अपुरा पडतो अशा जागी, कित्येक दशकांपासून वापरात आहेत. शुद्ध तेलात व्रण ०.७० मिलिमीटर आला आणि कण व डिस्पर्संट घातलेल्या तेलात ०.५५ आला, तर त्यातला किती वाटा कणांचा? नुसत्या डिस्पर्संटच्या नमुन्याचा व्रण ०.५७ आला असेल तर उत्तर जवळजवळ शून्य आहे. (हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत.) तुलना नेहमी त्याच प्रमाणाच्या डिस्पर्संट-नमुन्याशी करावी, शुद्ध तेलाशी नव्हे. माझ्या मते, या एका नियमाने नॅनोवंगणांचे निम्मे चमत्कार ओसरतील.

दुसरी कसोटी पुनरावृत्तीची. डी ४१७२ मध्ये एकाच माणसाने, एकाच यंत्रावर केलेल्या दोन चाचण्यांच्या निकालांत ०.१२ मिलिमीटरपर्यंतचा फरक स्वाभाविक मानला आहे. एकेका चाचणीवरून ०.०५ मिलिमीटरच्या सुधारणेचा दावा करणे म्हणूनच निरर्थक आहे. प्रत्येक नमुन्याच्या किमान तीन चाचण्या कराव्यात आणि सरासरीबरोबर प्रत्येक माप लिहावे.

तिसरी कसोटी खालच्या मर्यादेची. काहीही झीज न होता नुसत्या भाराने गोळ्या जेथे लवचीकपणे दबतात त्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये ०.०८७३ गुणिले किलोग्रॅम-भाराचे घनमूळ इतका असतो. ३९२ न्यूटन म्हणजे ४० किलोग्रॅम-भार. त्याचे घनमूळ ३.४२, म्हणून हा व्यास सुमारे ०.३० मिलिमीटर येतो. म्हणजे या भाराला व्रण ०.३० च्या खाली जाण्याचा प्रश्नच येत नाही. एखाद्या तक्त्यात ०.२४ असा आकडा दिसला तर मापनपट्टी, भार किंवा लिहिणारा यांपैकी काहीतरी तपासायला हवे. याच कारणाने ‘झीज २० टक्क्यांनी घटली’ हे वाक्यही सांभाळून लिहावे लागते : व्रण बराच मोठा असताना झिजलेले आकारमान व्यासाच्या चौथ्या घातानुसार बदलते, त्यामुळे व्यासातली २० टक्के घट आकारमानात जवळजवळ ६० टक्क्यांची असते. आपण व्यास सांगतो आहोत की आकारमान, हे स्पष्ट लिहावे.

निकाल साधारणपणे असा दिसेल : प्रमाण वाढवत गेल्यावर व्रण आधी लहान होतो, ०.१ ते ०.५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी सर्वांत लहान होतो आणि पुढे पुन्हा वाढतो, कारण दाटीत कणांच्या गुठळ्या होतात. असा वळणाचा आलेख मिळाला नाही तरी बिघडत नाही. जो मिळाला तो मांडावा.

सातवी पायरी : व्रणावर खरोखर काय बसले आहे

धातूवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा थर तयार झाला, असे म्हणायचे असेल तर तो दाखवावा लागतो. गोळी हेप्टेनमध्ये हलकेच बुडवून तेल काढावे. जोरात पुसली तर थरही निघून जाईल. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या एक्स-रे विश्लेषकावर येथे एक सापळा आहे. मॉलिब्डेनमची मुख्य रेषा २.२९ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टला येते आणि गंधकाची २.३१ ला, हे साधन त्या दोन वेगळ्या ओळखू शकत नाही. खनिज तेलात थोडे गंधक मुळातच असते, म्हणून त्या जागी दिसणारे शिखर नुसत्या गंधकाचेही असू शकते आणि सॉफ्टवेअर त्याला बिनदिक्कत मॉलिब्डेनम म्हणून नाव देते. रामन वर्णपटमापकावर मात्र मॉलिब्डेनम डायसल्फाइड ३८३ आणि ४०८ प्रति सेंटिमीटरच्या आसपासच्या दोन ठळक शिखरांनी स्वतःची ओळख देते. व्रणाच्या मध्यावर, कडेला आणि व्रणाबाहेर अशा तिन्ही जागी वर्णपट घ्यावा. शिखरे फक्त बाहेर, साचलेल्या काळ्या गाळात सापडली तर थर तयार झालेला नाही.

आठवी पायरी : यंत्रात ओतण्यापूर्वी

फोर-बॉलवर तेल चांगले ठरले म्हणजे ते वाहनात घालावे, असा अर्थ होत नाही. तेथे पोलादावर पोलादाची शुद्ध घसरण असते, तासाभराचीच असते आणि तेलात दुसरे काही नसते. भारतातल्या बहुतेक मोटारसायकलींमध्ये क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि त्याला घर्षण हवे असते. म्हणून त्यांच्या तेलावर जासो या जपानी मानकाचा एमए किंवा एमए२ हा दर्जा छापलेला असतो. त्यात घर्षण कमी करणारी पूड घातली की क्लच सरकू लागण्याचा धोका असतो. डिझेल वाहनांच्या धूरगाळणीला धातूंची राख चालत नाही, आणि आपण घातलेला धातू शेवटी राखच होतो. हायड्रॉलिक यंत्रणेत सर्व्हो व्हॉल्व्हच्या फटी काही मायक्रॉनच्याच असतात. तेथे सुटे कण निघून जातात, गुठळ्या अडकतात. शिवाय तेलाची स्वच्छता आयएसओ ४४०६ च्या कणमोजणीने तपासली जाते, आणि आपण मुद्दाम काळे केलेले तेल प्रकाशावर चालणाऱ्या मोजणीयंत्राला वाचताच येत नाही.

देखभाल विभागाच्या दृष्टीने आणखी एक अडचण आहे. वापरलेल्या तेलातील लोखंड, तांबे, शिसे यांचे प्रमाण पाहून यंत्रातला कोणता भाग झिजतो आहे हे ओळखतात. तेलात कॉपर ऑक्साइड घातले, तर कांस्याचे बेअरिंग झिजल्याची पूर्वसूचना त्याच तांब्याखाली झाकली जाते. सुरुवात करायचीच असेल तर वॉरंटी संपलेल्या, सहज उघडता येणाऱ्या, महत्त्वाच्या कामात नसलेल्या गिअरबॉक्सपासून करावी. शेजारी तसाच दुसरा गिअरबॉक्स साध्या तेलावर चालवावा आणि दोन्हींचे तापमान, मोटरचा वीजप्रवाह व तेलाचे नमुने ठरावीक काळाने नोंदवावेत. त्या यंत्राच्या तयार तेलात आधीपासूनच झीजरोधक द्रव्ये असतात, म्हणून नेमके तेच तेल घेऊन चौथ्या पायरीपासून सर्व काम पुन्हा करावे लागते. बेस ऑइलवर सापडलेले प्रमाण तेथे जसेच्या तसे लागू पडत नाही.

उरलेली मिश्रणे, धुण्याचे हेप्टेन आणि पुसलेली फडकी बेसिनमध्ये किंवा कचऱ्यात टाकू नयेत. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांखाली येते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे लागते. महाराष्ट्रात ही अधिकृतता राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ देते. नॅनोकण असलेले तेल साध्या वापरलेल्या तेलाच्या पिंपात न ओतता वेगळ्या डब्यात ठेवावे आणि डब्यावर कणाचे नाव, प्रमाण व तारीख लिहावी, कारण पुढे तो डबा उघडणाऱ्याला काळे तेल पाहून आत काय आहे ते कळणार नाही.